कुलकर्णी आणि इतर

गेल्या मार्चमध्ये अकरा दिवस मी कांद्यातला जाणकार होतो. त्याआधीची सत्तावीस वर्षं उंदरांच्या मेंदूत गेली. त्या सत्तावीस वर्षांत संस्थेत मला कोणी पेढा दिला नव्हता, त्या अकरा दिवसांत दोनदा मिळाला. झालं ते माझ्या हव्यासापायी झालं, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे दर परिच्छेदाला करावं लागणार नाही.

माझा धंदा असा. पांढऱ्या उंदराला गढूळ पाण्याच्या गोल टाकीत सोडायचं आणि पाण्याखाली दडवलेला पाट त्याला किती वेळात सापडतो ते घड्याळ लावून बघायचं. रिचर्ड मॉरिस नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1980च्या सुमाराला ही टाकी काढली. पहिल्या दिवशी उंदीर कडेकडेने नुसता पोहत राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी भिंतीवरच्या खुणा बघून सरळ पाटावर जाऊन बसतो आणि मिशा पुसतो. मधल्या दिवसांत त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात त्या जागेची आठवण साठवली गेलेली असते. ती कशी साठवली जाते, हा माझा विषय. आईला हे एकदा सविस्तर समजावून सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारलं, "आणि बुडाला तर?"

"नाही बुडत. काढतो आम्ही."

"मग ठीक आहे," असं म्हणून तिने माझ्या संशोधनाला मान्यता दिली.

जगाची मान्यता मोजायची रीत वेगळी. तुमचा पेपर छापून आला आणि दुसऱ्या कोणी आपल्या पेपरच्या शेवटी त्याचा उल्लेख केला की एक सायटेशन. गूगल स्कॉलरवर ज्याचं त्याचं पान असतं. उजवीकडे आकडे आणि त्याखाली वर्षागणिक उभ्या पट्ट्या. माझ्या पट्ट्या बघून मुलीने एकदा काळजीने विचारलं होतं, "बाबा, रेंज जातेय का?"

रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत मी ते पान उघडतो. बायको गाळणं शोधता शोधता विचारते, "किती झाले?"

"दोनशे तीन."

"काल?"

"दोनशे तीन."

"म्हणजे मेडन ओव्हर."

हे असं का होतं ते मला इतरांपेक्षा जास्त कळतं, हीच खरी लाजेची बाब. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलंय की मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी ठरलेलं बक्षीस मिळालं तर गप्प राहतात, अवचित मिळालं तर उसळतात आणि हक्काचं आलं नाही तर मलूल होतात. मी हे दर वर्षी एम.एस्सी.च्या मुलांना आकृती काढून शिकवतो. मग खोलीत येऊन दार लावतो आणि पान पुन्हा उघडतो.

पण नुसत्या सायटेशनांवर कोणी थांबत नाही. हल्ली विचारतात तो एच-इंडेक्स. तो काय असतो ते बायकोने विचारलं तेव्हा दिवाळी होती आणि ओट्यावर फराळाचे डबे होते, म्हणून मी डब्यांवरच समजावलं. जास्त ऐवजाचा डबा आधी, अशी ओळ लावली. बेसनाचे लाडू तीस, करंज्या अठरा, अनारसे सहा, चिरोटे चार आणि शेवटच्या डब्यात गेल्या महिन्यातल्या दोन खारकेच्या वड्या. "आता डबे मोजत जायचं," मी म्हणालो. "चौथ्या डब्यात निदान चार नग आहेत? आहेत. पाचव्यात निदान पाच? नाहीत. म्हणजे आपला एच-इंडेक्स चार."

"आणि तीस लाडवांचं काय?"

"तो एकच डबा. लाडू तीस असोत नाहीतर तीनशे, चारावर गेले की त्यांना भाव नाही."

"पहाटे चारला उठून बेसन मी भाजलंय. कोणी काढलं हे?"

"होर्हे हर्श म्हणून आहेत. सॅन डिएगोला. भौतिकशास्त्रज्ञ. 2005 साली."

"त्यांना फराळ करावा लागत नसणार," असं म्हणून तिने ओळ मोडली.

या हर्श यांनी त्याच पेपरात भौतिकशास्त्राच्या लोकांसाठी अंदाजही देऊन ठेवलाय. मोठ्या विद्यापीठात नोकरी कायम व्हायला बाराच्या आसपास, पूर्ण प्रोफेसर व्हायला अठराच्या आसपास. तो भौतिकशास्त्रापुरता आहे, मेंदूवाल्यांचं गणित वेगळं, हे मी स्वतःला बजावत असतो. माझा एच-इंडेक्स नऊ होता. पेपर तेवीस.

त्या तेवीसांतला सर्वांत जास्त सायटेशनांचा पेपर कोणता, हे सांगताना मी नेहमी आवाज खाली घेतो. टाकीतलं पाणी पांढरं दिसावं, म्हणजे बुडालेला पाट उंदराला दिसू नये, म्हणून त्यात दुधाची पावडर घालायची रीत आहे. मॉरिस यांच्या स्कॉटलंडच्या थंडीत ती ठीक. पुण्यात एप्रिल महिन्यात दुपारी तीनला टाकीचं दही लागायला सुरुवात होते, आणि उंदीर पोहायचं सोडून ते चाटायला लागतो. तेव्हा कंटाळून मी दोन पानांची एक टीप लिहिली: कोणता बिनविषारी पांढरा पोस्टर कलर, शंभर लिटरला किती आणि पाणी केव्हा बदलायचं. तिला एकसष्ट सायटेशन्स आहेत. आणि आठवण साठवण्यामागच्या तत्त्वावर सहा वर्षं घालवून जो पेपर लिहिला, त्याला सात. त्या सातांतली चार माझी मीच दिलेली. एक माझ्या विद्यार्थ्याने दिलंय, कारण त्याचा व्हायवा व्हायचा होता. एक आमचं म्हणणं चूक कसं आहे ते सिद्ध करणाऱ्या गटाचं. उरलेलं एक झोपेवरच्या पेपरात आहे, त्यात आम्ही आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य आमच्या नावावर घातलंय. या हिशेबात ओवी आणि शिवी एकाच भावाने जाते.

समाधान एवढंच, की मोठ्यांचंही असंच होतं. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनं मोजायच्या एका पद्धतीवर 1951 साली पेपर लिहिला. सगळ्या विज्ञानांत मिळून सर्वांत जास्त सायटेशन्स त्याच पेपराला आहेत, तीन लाखांवर. मेंदूच्या रसायनशास्त्रात एवढं काम केलेला माणूस, पण जगाला लक्षात राहिली ती त्याची मापपट्टी. मी त्यांच्याच पंथातला. फरक आहे तो फक्त तीन लाखांचा.

आता हव्यासाकडे येतो. त्या मार्चच्या सुमारे दोन वर्षं आधी एका परदेशी नियतकालिकाने माझ्याकडे एक पेपर तपासायला पाठवला. तपासनिसाचं नाव गुप्त असतं. पेपर चांगला होता, फक्त त्यात माझं नाव नव्हतं. मी पाच सूचना केल्या. चार पेपराच्या भल्याच्या होत्या. पाचवी अशी: "या क्षेत्रातल्या कुलकर्णी आणि इतर, 2011 या महत्त्वाच्या कामाची लेखकांनी दखल घेतलेली दिसत नाही." आता मुळात त्या क्षेत्रात कुलकर्णी एकच, त्यामुळे गुप्तता केवढी राहिली ते तुम्हीच ठरवा. लेखक बिचारे आज्ञाधारक. तीन महिन्यांनी पेपर छापून आला. मी अधीरपणे शेवटचं पान उघडलं, तर तिथे कुलकर्णी आणि इतर, 2011 होते. साठवणुकीतल्या कांद्यावर येणारी काळी बुरशी, या विषयावरचे.

त्यांनी नाव आणि साल टाकून शोधलं असणार आणि पहिलं आलं ते उचललं असणार. कुणाला सांगणार? मी गप्प बसलो. पण एस. डी. कुलकर्णी नावाचं दुसरं कोणी या पृथ्वीवर आहे आणि ते कांद्यात आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गूगलला कळायला आणखी दोन वर्षं लागली.

मार्चमधल्या एका सकाळी चहा उतू गेला. माझा एच-इंडेक्स नवावरून सतरावर गेला होता. रात्रीतून एकतीस पेपर माझ्या पानावर येऊन बसले होते: कांद्याची सड, कांद्याचे कोंब, कांदाचाळीतली हवा, मान कापण्याची लांबी. पानाच्या सेटिंगमध्ये 'नवे लेख आपोआप जोडा' असा एक पर्याय असतो. तो मीच कधीतरी, एखादं सायटेशन हातचं निसटू नये म्हणून, चालू करून ठेवला होता.

आपल्याकडची नावं असली की हे व्हायचंच. कुलकर्णी, जोशी, पाटील, शिंदे यांची आद्याक्षरं लावली की माणूस संपतो आणि जमाव उरतो. यावर ऑर्किड नावाचा सोळा आकडी क्रमांक 2012 पासून मिळतो, ज्याचा त्याचा वेगळा. मी तो काढलाही होता, पण त्याचा पासवर्ड विसरलो. विषय: स्मृती. अमेरिकेत जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने 1975 साली आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं होतं. पेपर एकट्याचा असून त्याने सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं आणि टाइप केलेली पानं पुन्हा करायचा त्याला कंटाळा आला. मांजराचं नाव चेस्टर. आडनाव म्हणून त्याच्या बापाचं, म्हणजे बोक्याचं नाव लावलं: विलर्ड. एफ. डी. सी. विलर्ड. रीत अगदी आपली, पण त्या मांजराचे पेपर कोणा दुसऱ्या मांजराच्या पानावर गेल्याचं ऐकिवात नाही. आमच्याच विषयात एच. एम. म्हणून एक रुग्ण होता. 1953 साली फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला आणि त्यानंतर त्याच्यापाशी नवी आठवणच थांबेना. स्मृतीबद्दल आज जे शिकवतात त्याचा मोठा भाग या दोन अक्षरांवर उभा आहे. 2008 साली तो वारला तेव्हा जगाला पूर्ण नाव कळलं, हेन्री मोलेसन. पन्नासहून जास्त वर्षं नुसत्या दोन अक्षरांवर राहूनही त्याची दुसऱ्या कोणाशी गल्लत झाली नाही. माझी मात्र आडनावासकट तीन अक्षरांवर झाली.

तर, एकतीस चौकोनांत खूण करायची आणि डिलीट दाबायचं, एवढंच काम होतं. मिनिटाचं. मी ठरवलं, संस्थेत जाऊन शांतपणे करू.

संस्थेत गेलो तर ऑफिसातल्या बाई दारातच म्हणाल्या, "सर, पेढा!" मार्चअखेर, वार्षिक अहवालाची घाई. प्रत्येकाचे आकडे त्या सकाळीच त्यांनी पानांवरून उतरवून घेतले होते. संचालकांनी बोलावून हात हातात घेतला. "कुलकर्णी, तुम्ही बोलत नाही, पण आत काहीतरी चालू असतं, हे मला माहीत होतं." आत काय चालू होतं ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "सर, त्यात थोडी गूगलची..." ते म्हणाले, "विनय!" आणि दुसरा पेढा दिला.

त्यानंतर रोज मी ठरवायचो, आज काढू. आणि रोज काहीतरी कारण निघायचं. कधी नेट हळू असायचं. कधी वाटायचं, एकेक पेपर तपासूनच काढावा, न जाणो एखादा माझाच असायचा. (कांद्यावरचा?) खरं कारण सांगतो. सतरा म्हणजे हर्श यांच्या अठराला एक कमी. मनुष्यप्राणी असा आहे की नवावर असताना त्याला अठरा आठवत नाहीत, सतरावर असताना दुसरं काही आठवत नाही. शिवाय पट्ट्या! मुलीला पान दाखवलं, तर ती म्हणाली, "फुल रेंज!"

अधूनमधून मी ते पेपर वाचायलाही लागलो. चोरीच्या मालाबद्दलही माणसाला माया लागते. चांगले होते ते. आमच्यासारखी पहिल्या पानभर स्वतःची आरती नव्हती. इतक्या चाळी, इतके क्विंटल, चार महिन्यांनी इतके सडले, इतक्यांना कोंब आले, का आले.

पाचव्या दिवशी खोलीतला फोन वाजला.

"डॉक्टर एस. डी. कुलकर्णी साहेबच का?"

"बोलतोय."

"नमस्कार साहेब. निफाड तालुक्यातून बोलतोय. आमच्या पोरांनी नेटवर काढलं, साठवणुकीवर आपलं लई मोठं काम आहे."

साठवणूक हा माझाच शब्द. मराठी विज्ञान मासिकांतून मी स्मृतीची साठवणूक, साठवणुकीचे टप्पे, असं वर्षानुवर्षं लिहीत आलोय. माझ्या मराठी लेखनाचा कोणी वाचक निघावा, तोही निफाडला, याने मी इतका विरघळलो की पुढचं सगळं त्याच पाकात बुडवून ऐकलं.

"आमच्या लोकांना त्याचीच गरज आहे साहेब. साठवायला जातो आणि चार महिन्यांत सगळं जातं."

"होतं असं," मी म्हणालो. "वयाप्रमाणे."

"वरून चांगलं दिसतं हो, आतून सडलेलं असतं."

किती नेमकं बोलतात हे लोक, असं माझ्या मनात आलं. स्मृतिभ्रंशाचं इतकं अचूक वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं. "लोकांना सोप्या भाषेत सांगा," ते म्हणाले. मी शब्द दिला. वाटेत दिसणाऱ्या एकतीस कांद्यांवरून माझं मन, उंदीर कडेकडेने पोहतो तसं, अलगद पुढे गेलं.

अकराव्या दिवशी लॅपटॉपमध्ये अठ्ठेचाळीस स्लाइड घेऊन निघालो. सिन्नर सोडल्यावर रस्त्याला ट्रॅक्टर दिसायला लागले, कांद्याने भरलेले. दोन्ही बाजूंच्या रानात काढणी चालू होती, बायका ओळीने बसून कांदे कापत होत्या. लासलगावचा बाजार या भागात, तेव्हा कांदा असणारच, म्हणून मी खिडकीबाहेर कौतुकाने बघत राहिलो. गावात शिरल्यावर चौकातला फलक दिसला. त्यावर माझा फोटो होता, संस्थेच्या संकेतस्थळावरून घेतलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'कांदा साठवणुकीतील ज्येष्ठ तज्ज्ञ'. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत प्रथमच आदर होता.

पळून जाता आलं असतं का? मांडवाच्या दारात हलगी होती, मधून वाट नव्हती. शाल आली, नारळ आला, फेटा आला. फेटा बांधून घेत असताना माणसाला सत्य सांगता येत नाही, मान हलते. तीनशेवर माणसं समोर. प्रास्ताविकात पोरांनी माझ्या पानाचा प्रिंट काढून माझे पेपर वाचून दाखवले. सगळे. एकतिसावा झाल्यावर टाळ्या पडल्या. मग बत्तिसावा, पोस्टर कलरचा. तिथे वाचणारा थोडा अडखळला.

मी उभा राहिलो. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर शेतकऱ्याने मी तोंड उघडायच्या आत हात वर केला. "साहेब, औंदा काजळी आधीच दिसायला लागली. चाळीत टाकू का विकून टाकू?"

या प्रश्नाला मी होय किंवा नाही म्हटलं असतं, तर त्या माणसाचा पन्नास-शंभर क्विंटल माल त्या शब्दावर ठेवला गेला असता किंवा विकला गेला असता. सत्तावीस वर्षांत माझ्या उत्तरावर कोणाचं काही अवलंबून आहे असं पहिल्यांदाच घडत होतं. पाय कापायला लागले आणि मी सगळं सांगून टाकलं. गूगल, आद्याक्षरं, एकतीस पेपर, अकरा दिवस. मी कांद्याचा नाही, उंदराचा आहे, म्हणालो.

मांडवात शांतता. मग तोच शेतकरी: "उंदराचं काय करता?"

"त्याला रस्ता शोधायला शिकवतो. पाण्यातून."

"शिकवता?"

"हो."

"सरकारी पैशातून?"

मांडव असा हसला की स्पीकरने शीळ घातली. "आमचा न शिकवता येतो साहेब," ते म्हणाले. "कांद्याला तेवढा शिवत नाही, पण मक्याच्या पोत्यांवर दर रात्री हजर. नवीन काही ठेवलं की चार दिवस तोंड लावत नाही. म्हणून आधी नुसतं पीठ ठेवायचं, औषध पाचव्या दिवशी. आणि त्यातनं एखादा आजारी पडून वाचला, तर मग तुम्ही पुरणपोळी ठेवा त्या जागी, तो बघणार नाही."

मी माईक धरूनच उभा राहिलो. हे जॉन गार्सिया यांनी अमेरिकेत 1966 साली दाखवलं: खाल्ल्यावर पुढे बऱ्याच वेळाने पोट बिघडलं तरी उंदीर त्या चवीवरच ठपका ठेवतो. तेव्हाच्या सगळ्या सिद्धांतांना हे पेचात टाकणारं होतं, आणि गार्सियांचं म्हणणं छापून घ्यायला मोठमोठी नियतकालिकं तयार नव्हती. हे मी सांगितलं. "माझ्या बापाला माहीत होतं," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. साधी सुती साडी, खांद्याला पर्स, हातात स्टीलची बाटली. व्यासपीठाकडे येत म्हणाल्या, "काजळीचं मी सांगते. मी एस. डी. कुलकर्णी."

त्या पुढची चाळीस मिनिटं मी खुर्चीत फेटा सावरत बसलो आणि आयुष्यात ऐकलेल्या व्याख्यानांतलं उत्तम व्याख्यान ऐकलं. स्लाइड नाही. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. उपटला की लगेच कापू नका, रानातच ओळीने लावा, पुढच्या ओळीच्या पातीने मागच्या ओळीचा कांदा झाकला गेला पाहिजे. मग मानेला पीळ देऊन, इंचभर ठेवून कापा. मग सावलीत दहा-बारा दिवस, मग चाळीत, आणि चाळीत चार-पाच फुटांच्या वर थर नको, खालचा दबतो. एका कांद्याच्या मानेवरून बोट फिरवून त्यांनी दाखवलं, कुठे मिटलीय, कुठे उघडी राहिलीय आणि बुरशी कुठून आत शिरते. पहिल्या रांगेतल्या काकांना म्हणाल्या, "तुमची मान मिटलेली नाही. विकून टाका." कांद्याची. पण मला क्षणभर माझ्याबद्दल वाटलं.

चहाच्या वेळी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढून आम्ही बसलो. "फलकावर नाव बघितलं," त्या म्हणाल्या. "मला तर कोणी बोलावलेलं नाही. म्हटलं बघून यावं, आपण कसे दिसतो."

मी माफी मागितली. माझ्यातला डी म्हणजे माझे वडील, त्यांच्यातला डी म्हणजे त्यांचे यजमान, एवढा तो घोटाळा. त्यांनी स्वतःचं पान कधी काढलंच नव्हतं, म्हणून गूगलने मोकळी जनावरं कोंडवाड्यात घालावीत तसे त्यांचे पेपर माझ्याकडे आणून बांधले होते.

"माझे लग्नाआधीचे चौदा वेगळेच आहेत," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या. "ते माहेरच्या नावावर. तिकडेच राहिले. बढतीच्या मुलाखतीत समितीने विचारलं, मॅडम, पहिली सात वर्षं काय करत होता? म्हटलं, देशमुख होते." चहा फुंकून त्या पुढे म्हणाल्या, "आणि लग्नानंतरचे तुमच्याकडे. म्हणजे एकूण माझ्याकडे काही नाहीच."

त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. त्यांनाच काहीतरी आठवलं. "एक विचारू? दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा मेंदूच्या जर्नलमध्ये माझा काजळीचा पेपर कोणी दिला हो? उंदीर, पोहणं, आणि मध्येच मी. किती डोकं खाजवलं."

तपासनिसाने गुप्तता पाळायची असते हा नियम मला त्या क्षणी इतका थोर वाटला, की मी चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

मग मोबाइल काढला. रेंज एकच दांडी. एकेका चौकोनात खूण करत गेलो, त्या शेजारून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हा चांगला झाला होता, नाही?" मी म्हणालो, "हो, चाळीतल्या हवेचा. वाचलाय मी." त्यांनी चमकून बघितलं. एकतीस झाले, डिलीट दाबलं, चक्र बराच वेळ फिरलं. सतराचे नऊ झाले. (संस्थेच्या वार्षिक अहवालात सतरा अजून आहेत. दुरुस्तीचं पत्र मी दिलं. त्याला आवक क्रमांक मिळाला.)

माझी उंदरांची जात विस्टार. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियातल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. आणि 1964 साली पहिला सायन्स सायटेशन इंडेक्स काढणारे यूजीन गार्फील्ड, त्यांचीही संस्था फिलाडेल्फियातच. मी त्या गावाला कधी गेलो नाही, पण माझं पोट आणि माझं पित्त दोन्ही तिथून आलंय. हे मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं सगळं राजगुरुनगर आणि निफाडमध्ये आहे. बस चुकायला नको, निघते."

गाडीत बसत होतो तेव्हा पहिल्या रांगेतले काका कांद्याची अर्धी गोणी घेऊन आले. ड्रायव्हरने ती डिकीत टाकली. काका खिडकीशी वाकले. "साहेब, एक अजून. पोत्यांना वळसा घालून जातो तो. मी पोती हलवली, जागा मोकळी केली, तरी दोन रात्री तसाच वळसा घालून गेला, पोतं नसताना. बॅटरी मारून बघितलंय मी."

मी दार उघडून पुन्हा खाली उतरलो. पोती किती, किती रात्री, अंधार होता का, भिंतीपासून किती लांब, सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हणालो, याचा उपयोग मला पुढच्या पेपरात होईल, तेव्हा तुमचं नाव घालीन. तुमचं नाव?

त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी वहीत डोकावून बघितलं आणि मान हलवली.

"असं नाही. वडिलांचं नाव पूर्ण लिहा. या नावाचे आम्ही चौघं आहोत गावात, सोसायटीचं कर्ज एकदा माझ्यावर पडलंय दुसऱ्याचं." मी खोडून पूर्ण लिहिलं. ते थोडं थांबले. "आणि पुढे गट नंबर टाका."